साडेबाराचा फोन

रविवारी दुपारी साडेबाराला प्रफुल आईला फोन करायचा, आणि त्या अर्ध्या तासात लाइपझिग शहराला आग लागली असती तरी तो जागचा हलला नसता. नोव्हेंबरात दोघं जर्मनीत आले त्या पहिल्या आठवड्यातच त्यानं हा नेम लावून घेतला. इकडचे साडेबारा म्हणजे तिकडचे संध्याकाळचे पाच. मोहर्लीच्या अलीकडं, जंगलाला पाठ लावून बसलेल्या त्याच्या गावात मोबाइलला रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. त्यामुळं सत्यशीलाबाई पाचच्या ठोक्याला पाळीवर येऊन बसायच्या. फोन वाजला की हिरवं बटन वर सरकवायचं, एवढंच मुलानं शिकवलेलं. आपणहून फोन लावणं त्यांना जमत नव्हतं, आणि मुलगा चुकत नव्हता म्हणून शिकायची गरजही पडली नव्हती.

रोशनीचं सासूवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. चंद्रपूरच्या नर्सिंग कॉलेजात ती शिकत असताना याच बाईनं तिला दर महिन्याला डब्यातून जवसाची चटणी पाठवली होती, लग्न ठरायच्याही आधी. पण रोशनी इकडं आली होती ती पाहुणी म्हणून नव्हे, इस्पितळात नर्स म्हणून. व्हिसा तिचा, नोकरी तिची. प्रफुल तिच्या मागून आला, इंजिनिअर असूनही एका गोदामात पार्सलं उचलायला लागला आणि संध्याकाळी जर्मन भाषेच्या वर्गाला जायला लागला. रोशनीला महिन्यातून दहा-बारा रात्रपाळ्या. सकाळी सात वाजता ती ट्राममधून घरी यायची तेव्हा तो गोदामाकडं निघालेला असायचा. कधी जिन्यात गाठ पडायची. "वरण ठेवलंय," तो म्हणायचा. "आज कचऱ्याचा पिवळा डबा बाहेर ठेव," ती म्हणायची. झाला संसार.

चौथ्या मजल्यावर दोन खोल्या. फोडणी जरा चढली की छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायचा आणि प्रफुल खुर्चीवर चढून त्याला टॉवेलनं वारा घालायचा. रविवारी घरात झाडूचं यंत्र लावायची सोय नाही, खिळा ठोकायची सोय नाही. खालची म्हातारी लगेच दारात. दुकानं बंद. रस्ते रिकामे. त्या मुक्या रविवारात दोघं एकत्र असण्याचा योग पंधरा दिवसांतून एकदा यायचा, आणि त्याच्याही बरोबर मध्यावर हा साडेबाराचा फोन बसलेला. बागेत जायचं तर साडेबाराच्या आत परत. कुणी जेवायला बोलावलं तर "आम्ही दोनला येतो." रोशनी मनात कुढायची आणि मग आपल्याच कुढण्याची तिला लाज वाटायची.

"जेवला का गा?" सत्यशीलाबाई पडद्यात नाक खुपसून विचारायच्या. "रोशनी, तू वाळून राह्यली माय. काय खाते तिथी?" मग फोन फिरवून तलाव दाखवायच्या, पाण्यात बसलेल्या म्हशी दाखवायच्या, शेजारच्या रुखमाकाकूला दाखवायच्या. काकूही रोज संध्याकाळी म्हैस न्यायला तिथं यायच्या आणि दोघी मिळूनच घरी परतायच्या. पाळीच्या पलीकडं झुडपी जंगल. त्यातून एकट्यादुकट्यानं जायचं नाही, हे त्या गावात लहान मुलालाही सांगावं लागत नाही.

मार्चच्या शेवटी रोशनीला शनिवार-रविवारची सलग सुट्टी मिळाली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. तिनं कामावरच्या मैत्रिणीला विचारून प्रागचा बेत ठरवला. रेल्वेनं काही तासांचं अंतर, नदीकाठचं जुनं शहर, पुलावर दगडी पुतळे. रविवारी एक वाजताच्या बोटीत जेवणासकट दोन जागा तिनं तीन आठवडे आधी राखून ठेवल्या. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि दोघंच कुठं फिरायला गेलेत असं एकदाही घडलं नव्हतं. लग्नानंतर लगेच तिची भाषेची परीक्षा, मग कागदपत्रं, मग मुलाखती. ही सहल तिला हवी होती. तहान लागते तशी हवी होती.

आदल्या रविवारी प्रफुलनं आईला सांगून टाकलं, "आई, पुढच्या रविवारी तुले मोठं शहर दाखवतो. राजाचा किल्ला आहे, नदी आहे. तयार राह्य." रोशनीनं तिथं हसून मान डोलावली आणि स्वयंपाकघरात जाऊन दोन मिनिटं उगीच नळ चालू ठेवला. म्हणजे तिथंही साडेबारा. पण बोट एकची होती आणि घाट पुलापासून दहा मिनिटांवर. होऊन जाईल, असं तिनं स्वतःला समजावलं.

शनिवारी संध्याकाळी हॉटेलात खोलीची किल्ली देताना काउंटरवरच्या मुलीनं एक छापील चिठ्ठी पुढं सरकवली. आज रात्री घड्याळं एक तास पुढं जातील, उन्हाळी वेळ सुरू होतेय. न्याहारीला उशीर करू नका. "तुमची एक तास झोप गेली," ती हसून म्हणाली. प्रफुल तेव्हा बॅगा घेऊन लिफ्टमध्ये शिरला होता. रोशनीनं चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि विसरून गेली. मोबाइलची घड्याळं आपोआप पुढं सरकली, त्यामुळं सकाळी कुणाला काही जाणवलंही नाही.

रविवारी आभाळ मोकळं होतं, लख्ख ऊन. प्रफुल खुशीत होता. गोदामातल्या खोक्यांपलीकडं युरोप म्हणून काही असतं हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसत होतं. त्यानं एका पुतळ्याशेजारी उभं राहून पोट आत घेतलं, फोटो काढून घेतला, आणि एका म्हाताऱ्या पेटीवाल्याजवळ बराच वेळ रेंगाळला. रोशनीनं त्याचा हात धरला तर त्यानं सोडवून घेतला नाही. गावाकडं चारचौघांत त्यानं कधी धरू दिला नसता.

बरोबर साडेबाराला तो पुलाच्या कठड्याला टेकला, किल्ला मागं दिसेल असा फोन धरला आणि आईला लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना.

"रेंज नाही दाखवत," तो म्हणाला. "पाळीवर आली नाही की काय?"

आणि त्या क्षणी रोशनीला उमगलं. पर्समधली चिठ्ठी आठवली. घड्याळ पुढं गेलं ते इकडं. तिकडं कोण पुढं करणार? तिकडं आत्ता पाच नाही, चारच वाजलेत. आई घरी असतील. अजून तासाभरानं पाळीवर येतील, तेव्हा इकडं दीड झालेला असेल.

तोंड उघडायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. पण सांगितलं की पुढचं सगळं तिला पाठ होतं. प्रफुल म्हणणार, मग दीडपर्यंत थांबू. बोट एकला सुटणार. पुढच्या बोटी भरलेल्या. तिनं सकाळीच विचारलं होतं. आणि मग तो पुलावर कठड्याला टेकून तासभर फोनकडं बघत उभा राहणार आणि ती त्याच्याकडं बघत. पुढची सुट्टी कधी मिळेल देव जाणे. एकच रविवार, ती मनाशी म्हणाली. एक रविवार नाही बोलले मायलेक तर काही बिघडत नाही.

त्यानं तिसऱ्यांदा लावला.

"मोहाला गेल्या असतील," रोशनी म्हणाली. "मोहफुलं पडायचेच दिवस आहेत ना. नादात विसरल्या असतील. उद्या कर."

"आई विसरणार नाही," तो म्हणाला, पण जरा हिरमुसून. मग त्यानं फोन बॅगेत टाकला. "चल, नाहीतर बोट चुकायची."

बोट छान होती, हे कबूल करायलाच हवं. काचेचं छत, कोंबडीचं सूप, दोन्ही काठांना लाल कौलांची घरं. दीड वाजता रोशनीची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली. आता पाच. आता बसल्या असतील. ती पाच मिनिटं तिला जड गेली; मग वाढप्यानं केक आणून ठेवला, प्रफुलनं स्वतःच्या ताटलीतली स्ट्रॉबेरी तिच्या ताटलीत टाकली, आणि तिनं घड्याळाकडं बघणं सोडून दिलं.

सोमवारी सकाळी परतीच्या गाडीसाठी ते स्टेशनवर उभे असताना प्रफुलच्या चुलतभावाचा, लटारूचा, फोन आला. सत्यशीलाबाईंना वाघानं नेलं. रविवारी संध्याकाळी, तलावाच्या पाळीखाली. गावानं मशाली आणि बॅटऱ्या घेऊन शोधलं तेव्हा दीडशे पावलांवर झुडपात सापडल्या. प्रफुल प्लॅटफॉर्मवर खाली बसला. रोशनीनं त्याचं डोकं छातीशी धरलं.

ते गावात पोचले बुधवारी. तोवर शवविच्छेदन होऊन, दहन होऊन सगळं उरकलं होतं. मुलाला आईचं तोंड दिसलं नाही. सासरे रामाजी एका पर्यटक लॉजवर बागकाम करायचे. रविवारी लॉज गच्च भरलेलं असतं. मुंबई-पुण्याची माणसं वाघ बघायला येतात. त्या रविवारीही ते पाइप धरून फुलझाडांना पाणी देत होते. आता मुलाला पाहून ते उठून उभे राहिले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि "प्रवास झाला ना नीट?" असं विचारून पुन्हा खाली बसले. दारावर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, मध्ये आता सत्यशीलाबाईंचा. फोटो आधारकार्डासाठी काढलेला, म्हणून त्यात त्या घाबरल्यासारख्या दिसत होत्या.

त्या तीन-चार दिवसांत प्रफुलनं एक गोष्ट मनाशी धरून ठेवली, आणि ती त्याला रोशनीनंच दिली होती. येणाऱ्या प्रत्येकाला तो तेच सांगायचा. "मी फोन केला होता त्या दिवशी. आई पाळीवर नव्हती. मोहाले गेली असंन, विसरली असंन. मग उशिरा आठवलं अन् एकटीच धावली असंन." असं म्हणताना त्याला थोडं बरं वाटायचं, थोडा रागही यायचा. आईनं आपल्याला विसरावं आणि नेमकं त्याच दिवशी. माणसं ऐकायची आणि मान हलवायची. रोशनी आत भाकरी थापत राहायची. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आता सांगावं. प्रत्येक वेळी दारात नवं माणूस यायचं.

रविवारी सकाळी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. अंगणात मांडव, पांढरी चादर अंथरलेली, समोर मेणबत्त्या. शेजारच्या गावचे बौद्धाचार्य आले होते. त्रिशरण-पंचशील झालं, परित्राण पाठ झाला, आणि मग रीतीप्रमाणं माइक फिरायला लागला. त्यांच्याकडं माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चार शब्द बोलल्याशिवाय कुणी जेवायला बसत नाही. बचतगटाची अध्यक्ष बोलली. लटारू बोलला. शाळेचे मास्तर जरुरीपेक्षा जास्त बोलले. मग प्रफुल उभा राहिला.

"आईनं आमच्यासाठी लय केलं," तो म्हणाला. "मी दर रविवारी तिले पाच वाजता फोन करत होतो. त्या रविवारी पण केला. ती आली नाई. कामाच्या नादात विसरली. तेवढं एक सोडलं तर तिनं मले कधी..."

"विसरली नोती गा."

बायकांच्या घोळक्यातून रुखमाकाकू उठल्या. त्यांना माइक कुणी दिला नव्हता आणि त्यांना तो नकोही होता. आठवडाभर त्या या घराकडं फिरकल्याच नव्हत्या.

"बाबू, तुह्या मायले मेल्यावर बोल नको लावू," त्या म्हणाल्या. "पाचच्या आधीच येऊन बसली होती ते. नवं लुगडं घातलं होतं. मी म्हटलं, काऊन वो, लग्नाले चालली का? तं म्हणे, पोरगा मले मोठं शहर दाखवणार आहे, तिथले लोक मले पाहतीन. साडेपाच झाले, सहा झाले. मी म्हटलं, चाल आता, अंधार पडून राह्यला. तं म्हणे, थांब न, पोरगा कामात असंन, तो चुकत नाई. माही म्हैस घराकडं सुटली होती जी. ते म्हणे, तू होय पुढं, आता येतेच फोन. मी गेली. मी तिले एकटीले टाकून गेली."

प्रफुल माइक धरून तसाच उभा.

"काकू, मी पाचलाच केला होता," तो म्हणाला. "तीनदा केला. थांबा, दाखवतो तुमाले." त्यानं खिशातून फोन काढला, बोटानं खाली खाली सरकवत गेला आणि त्या रविवारच्या कॉलवर थांबला. गावात आल्यापासून फोनचं घड्याळ इथल्या वेळेवर चालत होतं, त्यामुळं जुने कॉलही तो इथल्याच वेळेत दाखवत होता. प्रफुलनं वाचलं. परत वाचलं.

"चार," तो म्हणाला. माइक चालूच होता; तो शब्द मांडवभर, रस्त्यापर्यंत ऐकू गेला. "चार वाजता. चार वाजून चार मिनिटं. चार वाजून अकरा."

मास्तरांनी फोन हातात घेतला आणि त्यांनाच ते आधी उलगडलं. तिकडं उन्हाळ्यात घड्याळ पुढं करतात म्हणे, त्यांनी चारचौघांना समजावून सांगितलं, त्याच दिवशी केलं असणार. सांगताना त्यांना स्वतःच्या ज्ञानाचं थोडं समाधान वाटलं असावं, कारण त्यांनी ते दोनदा सांगितलं.

प्रफुल खाली बसला. "म्हणजे मी मारलं," तो म्हणाला. "पुन्हा एकदा लावला असता तर. एकदा लावला असता पुन्हा."

रामाजी जागेवरूनच बोलले. "तुह्या फोननं नाई खाल्लं तिले. वाघानं खाल्लं. जेवायले बसवा लोकायले."

लोक जेवले. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. दुपारी मांडव रिकामा झाला तसा प्रफुल तलावाकडं निघाला. रोशनी मागं गेली. वनखात्यानं पाळीच्या टोकाला झाडाला कॅमेरा बांधला होता आणि दोन वनमजूर काठ्या घेऊन सावलीत बसले होते. पाणी खाली गेलेलं, चिखलात म्हशींच्या खुरांचे खड्डे. प्रफुल पाळीवर बसला. इथंच बसत असावी, असा अंदाज करून बसल्यासारखा, दोन जागा बदलून.

"मला कळायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "मी कसला इंजिनिअर? घड्याळ बदलतं एवढं माहीत नको मला?" तो छातीवर हळूहळू मूठ मारत होता, जोरात नाही, सवय लागल्यासारखी. "आयुष्यभर हे राहणार, रोशनी."

ती गप्प राहिली असती तर हे खरंच आयुष्यभर त्याच्याकडं राहिलं असतं, आणि ती शेजारी बसून त्याला पाणी देत राहिली असती. बायको म्हणून चांगली दिसली असती. पाळीवर पोचेपर्यंत तिनं तसंच करायचं ठरवलंही होतं. पण त्याची ती मूठ तिला बघवेना.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तिकडं चारच वाजलेत ते. पुलावर. तू दुसऱ्यांदा लावलास तेव्हा. हॉटेलवालीनं मला आदल्या दिवशी चिठ्ठी दिली होती."

त्याची मूठ थांबली. वनमजुरांपैकी एक खोकला.

"मंग सांगितलं काऊन नाई?"

तिच्याशी तो असं कधी बोलत नसे. गावची बोली त्यानं आईसाठी आणि गावासाठी ठेवली होती.

"बोट चुकली असती," रोशनी म्हणाली. बाकीही सांगण्यासारखं होतं. पाच महिन्यांच्या रात्रपाळ्या होत्या, चार वर्षं होती, तिचाही एक जीव होता. सगळं खरं होतं, आणि त्यातलं काहीही इथं, या पाळीवर, उच्चारण्याच्या लायकीचं नव्हतं. म्हणून ती एवढंच बोलली. मग म्हणाली, "मोहाला गेल्या असतील हेही मीच म्हणाले. मला माहीत होतं त्या घरी आहेत ते."

तो ओरडेल, असं तिला वाटलं होतं. मारेल असंही एकदा वाटून गेलं, आणि त्यानं मारावं असं वाटलं. त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि पाण्याकडं बघितलं.

"मी खाऊन राह्यलो होतो तेव्हा," तो म्हणाला. "ते इथी बसली होती, अन् मी केक खाऊन राह्यलो होतो."

"प्रफुल..."

"मंगळवारचं आहे ना तिकीट तुझं?"

"आपलं," ती म्हणाली.

"लटारूले गाडी सांगतो सकाळची." तो उठला, पँटची माती झटकली. "चंद्रपूरपर्यंत मी येतो सोडायले. तिथून नागपूरची बस आहे दर अर्ध्या तासाले."

"आणि तू?"

"बाबा एकटे आहेत."

ते खरंच होतं. रामाजी खरोखरच एकटे होते. पण कारण ते नव्हतं, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. दोघं बरोबरच पाळ उतरून घरी आले, वाटेत भेटलेल्या माणसांना नमस्कार केले, जय भीम केले. रामाजी अंगणात मांडवाच्या दोऱ्या सोडवत होते, तो त्यांच्या मदतीला गेला. येताना घाईत दोघांचे कपडे एकाच बॅगेत भरले होते. रोशनीनं आतल्या खोलीत बॅग उघडली आणि त्याचे शर्ट एक एक करून बाहेर काढून ठेवायला लागली.